सिरियलसारखं दिसतंय, सिनेमासारखं कसं दिसेल?

गेल्या महिन्यात आपण साउंडवर बोललो, आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे होते. बजेट नाहीये, डिजिटलवर शूट करतोय, पण दिसायला फिल्मसारखं, म्हणजे रिळावर शूट केलेल्या सिनेमासारखं हवंय. म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि आम्ही चार मित्र पैसे घालून फीचर करतोय. १४ लाखांत सगळं बसवायचंय, २० दिवस शूट, निम्मं सदाशिव पेठेतल्या वाड्यात आणि निम्मं मुळशीकडे. कॅमेरा मिररलेस आहे, एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणाऱ्या चिपची एक मध्यम साइझ), १०-बिट लॉग (दिसायला फिकट, पण जास्त तपशील ठेवणारं रेकॉर्डिंग) मिळतं. दोन दिवस टेस्ट शूट केलं तर ज्याला दाखवलं तो म्हणाला, "अरे हे सिरियलसारखं दिसतंय." मग फिल्मचे लट (LUT, इमेजचे रंग बदलणाऱ्या तयार फाइल) विकत घेऊन लावले, तर सगळं हिरवट-पिवळं झालं पण सिरियलपण काही गेलं नाही. आता मोठा कॅमेरा भाड्याने घ्यावा का? ३-४ लाख त्यातच जातील.

उत्तर: नका घेऊ. खरंच नका घेऊ. ते पैसे लाइटला, आर्टला आणि अजून दोन दिवस शूट वाढवायला ठेवा. तुमचा सेन्सर लहान आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तेही मनातून काढून टाका, एपीएस-सीची रुंदी साधारण २३.५ मिमी असते आणि सुपर ३५ फिल्मच्या फ्रेमची २४.९ मिमी, म्हणजे ज्या साइझवर इतकी वर्षं सिनेमे निघाले त्याच्या तुम्ही अगदी जवळ आहात. २०२३ चा 'द क्रिएटर' सोनीच्या एफएक्स३ वर शूट झालाय, तो कॅमेरा पुण्यात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडेही सापडतो. फरक त्याच्यापुढे काय ठेवलं होतं त्याचा आहे.

तुम्ही पाठवलेली क्लिप मी तीनदा बघितली, ती आजी माजघरात पोळ्या लाटतेय तो शॉट. त्यात दोन एलईडी पॅनल कॅमेऱ्याच्या डावी-उजवीकडे आहेत, दोन्ही साधारण सारख्याच जोराचे, आजींच्या मागे फुटभरावर चुना मारलेली पांढरी भिंत, आणि खोलीचा कोपरान् कोपरा दिसतोय. सिरियलमध्ये असाच उजेड असतो आणि तिथे त्याला कारण आहे, तीन-चार कॅमेरे एकदम चालू असतात, दिवसाला अख्खा एपिसोड काढायचा असतो, कोणी कुठेही उभं राहिलं तरी चेहरा दिसायला हवा, मग सगळीकडे सपाट उजेड टाकून मोकळे होतात. तुमच्याकडे एकच कॅमेरा आहे. मग ती सक्ती तुम्ही स्वतःवर का लादून घेताय?

पुढच्या टेस्टला असं करा. दोन्ही पॅनल बंद करा आणि आधी वाड्याकडे बघा. चौकातून दारातून येणारा उजेड हाच तुमचा मुख्य लाइट, कारण वाडा बांधणाऱ्याने तो तसाच योजलेला असतो, माजघर अंधारं आणि चौक उजेडाचा. आजींना दाराकडे तिरकं बसवा आणि कॅमेरा त्यांच्या सावलीच्या बाजूला न्या, म्हणजे चेहऱ्याची उजेडाची कड लांबच्या बाजूला राहील आणि कॅमेऱ्याकडचा गाल अंधारात जाईल. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं. मग त्या अंधाऱ्या बाजूला फ्रेमच्या बाहेर काळं कापड टांगा, कारण पांढऱ्या भिंतींवरून आपटून येणारा उजेड सावली धुऊन टाकतो आणि तो अडवल्याशिवाय काळं काळं दिसत नाही. काळं कापड लक्ष्मी रोडला ताग्यातनं घ्या, दोन-तीन मोठे तुकडे पुरतात. फारच अंधार झाला तर थर्माकोलचा एक तुकडा लांबून दाखवा, उजेडाच्या बाजूपेक्षा सावलीची बाजू साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली राहील इतपत. पॅनल वापरायचंच असेल तर ते खोलीत आणू नका, बाहेर चौकात दाराशी उभं करून पुढे बटर पेपर लावा, म्हणजे ऊन ढगाआड गेलं तरी तुमचा शॉट जुळतो. आणि आजींना भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणा.

आता खिडकी. फिल्म निगेटिव्हची गंमत ही की तिच्यात जास्त उजेडाचा भाग हळूहळू पांढरा होत जातो, तिथे तपशील बराच वेळ टिकतो. डिजिटलमध्ये तो एका पातळीपर्यंत असतो आणि मग एकदम संपतो, पांढरं छिद्र पडल्यासारखं दिसतं आणि लोकांना ते "व्हिडिओ" वाटतं. त्यामुळे खिडकीला बाहेरून पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा, झेब्रा (जास्त उजेडाच्या भागावर रेघा दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवा आणि चेहऱ्यावर, कपाळावर, खिडकीच्या चौकटीवर काय जळतंय ते प्रत्येक शॉटला बघा. उलट लॉगमध्ये फार अंडरही (कमी उजेडात) शूट करू नका, सावल्यांमध्ये नॉइज (वळवळणारे ठिपके) येतो आणि तो नॉइज ग्रेन (फिल्मचे बारीक कण) वाटत नाही, घाण वाटते.

मेनूत जाऊन शार्पनिंग किंवा डिटेल सगळ्यात खाली आणा, कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शनही जमेल तितकं कमी करा. कडांना ती पांढरी रेघ आली की पुढे कशानेच जात नाही.

आणि लटचं. ते हिरवट-पिवळं का झालं सांगते. बाजारातले बरेचसे फिल्म लट कोडॅक २३८३ या प्रिंट स्टॉकवर (थिएटरच्या प्रतीच्या फिल्मवर) बेतलेले असतात, दाविंची रिझॉल्व्ह या एडिट-रंगाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ते फुकट येतातच, पण ते सिनिऑन लॉगची (फिल्म स्कॅनच्या लॉग पद्धतीची) इमेज आत येणार असं धरून बनवलेत. तुम्ही ते तुमच्या कॅमेऱ्याच्या लॉगवर थेट लावलेत, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातलात. आधी रिझॉल्व्हमधलं कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावून सिनिऑनमध्ये आणा, मग लट, आणि तोही निम्म्या जोरावर ठेवून बघा. पण हे सगळं लाइट बदलल्यानंतर करा, आधी नाही. सपाट उजेडावर जगातला कुठलाही लट लावला तरी तो सपाटच राहतो.

प्रश्न: नमस्कार ताई. मी हडपसरची, एका लो-बजेट फिल्मला कपडे आणि थोडं आर्ट बघते. आमचा डीओपी (कॅमेरामन) म्हणतो, रंगांचं टेन्शन घेऊ नको, ग्रेडमध्ये (शूटनंतर रंग बसवताना) करू सगळं. मला पटत नाही पण मला उलट बोलताही येत नाही, कारण मला टेक्निकल काही माहीत नाही.

उत्तर: तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबरच आहे, आणि हे उत्तर त्याला वाचून दाखवा हवं तर. माझ्या मते लो-बजेट फिल्मचा लुक सगळ्यात जास्त कोण ठरवत असेल तर कपडे आणि भिंती बघणारी व्यक्ती, आणि तिलाच सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात कमी वेळ मिळतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टेक्निकल म्हणाल तर एवढंच. फिल्मवर रंग जसजसा गडद होतो तसतसा तो काळपट, जड होत जातो, कारण तिथे रंग म्हणजे थरांमध्ये बसलेला डाय असतो, डाय वाढला की उजेड अडतो. डिजिटलमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की रंग जड व्हायच्या ऐवजी चकाकायला लागतो. त्यामुळे राणी कलर, पोपटी, निऑन ऑरेंज हे रंग डिजिटलवर फाटतात, त्यातल्या घड्या दिसेनाशा होतात, नुसता रंगाचा ठिपका उरतो, आणि ग्रेडमध्ये तो दाबायला गेलं की बाजूच्या माणसाची स्किनही त्याच्याबरोबर मरते. त्याऐवजी विटकरी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, राखाडी, मोतिया असे रंग घ्या, जे मुळातच थोडे मुरलेले आहेत. नवी कोरी साडी असेल तर चार वेळा धुवा. पांढराशुभ्र शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून काढा, कॅमेऱ्यात तो पांढराच दिसतो पण जळत नाही. भिंत रंगवायची परवानगी नसेल तर तिच्यावर कोपऱ्यातून काहीतरी आणा, जुनं लाकडी कपाट, घोंगडी, दोरीवर वाळणारे कपडे, जेणेकरून चेहऱ्याच्या मागे कोरा पांढरा राहणार नाही.

आणि एक विनंती, मेकअपवाल्यांशी तुम्हीच बोला. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांवर दोन शेड उजळ फाउंडेशन लावायची सवय अजून गेलेली नाही, आणि त्याने चेहरा राखेसारखा दिसतो, मान वेगळी आणि तोंड वेगळं. स्किनला तिचा रंग असू द्या, फक्त तेलकट चमक टिपून घ्या. शूटच्या आधी डीओपीला बसवून सगळे कपडे त्याच कॅमेऱ्याने त्याच वाड्यात प्रत्येकी दहा सेकंद शूट करा. अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर तो "ग्रेडमध्ये करू" म्हणणार नाही.

प्रश्न: २४ एफपीएस (सेकंदाला फ्रेम) घ्यावं का २५? पिंपरीत शूट आहे, ट्यूबलाइट खूप आहेत, फ्लिकर येतोय.

उत्तर: थिएटर आणि फेस्टिव्हल डोक्यात असेल तर २४. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत येण्याचा वेळ, सेकंदात) १/४८ न ठेवता १/५० ठेवा, अँगलमध्ये सांगायचं तर १७२.८ अंश. हालचालीतला ब्लर फिल्मसारखाच राहतो आणि फ्लिकर जातो. स्वस्तातले डिम होणारे एलईडी मात्र कुठल्याही शटरला फसवतात, ते फुल ब्राइटनेसवर लावा आणि पुढे कागद लावून कमी करा. फोनवर काढलेले शॉट मध्ये घुसवणार असाल तर फोनही फिक्स २४ वर लॉक करणाऱ्या अ‍ॅपने शूट करा, नाहीतर एडिटला साउंड सरकत राहील.

प्रश्न: सासवडजवळ शेतात भर दुपारी सीन आहेत. शटर १/५० ठेवलं की सगळं पांढरं होतं, म्हणून आमच्या पोराने शटर १/१००० केलं. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. माणूस चालताना, कुदळ मारताना प्रत्येक फ्रेम कोरल्यासारखी वेगळी दिसेल आणि हालचाल तुटक वाटेल, बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं. उपाय एनडी फिल्टरचाच (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच). हिशोब करून दाखवते, कडक उन्हात आयएसओ ८०० ला f/१६ वर शटर साधारण १/८०० लागतं, तुम्हाला १/५० हवं म्हणजे ४ स्टॉप उजेड जास्त झाला, आणि f/१६ ऐवजी f/४ वर यायचं तर अजून ४, एकूण ८ स्टॉप. म्हणजे एनडी २.४ लागला. व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो पण वाइड लेन्सवर जास्त फिरवला की आकाशात काळी फुली दिसते, आणि स्वस्त एनडी ६ स्टॉपच्या पुढे काळे कपडे तांबूस करतो, तेव्हा आयआर कट (न दिसणारा इन्फ्रारेड उजेड अडवणारा थर) असलेला बघून भाड्याने घ्या.

आणि शक्य असेल तर १२ ते ३ शूटच करू नका हो. सकाळी ६ ला युनिट शेतात उभं असू द्या, दुपारी जेवण, झोप, घरातले सीन, आणि ४ नंतर परत बाहेर. ऊन तिरकं असताना सूर्य माणसाच्या मागे ठेवला की ढेकळांवर, कडब्यावर जी कड येते ती कुठल्या फिल्टरने येत नाही, आणि तिला भाडं पडत नाही.

प्रश्न: मी नारायण पेठेत राहतो, वय ७१. तरुणपणी काही वर्षं थिएटरच्या प्रोजेक्शन रूममध्ये काम केलं. नातू सिनेमा करतोय, त्यावर कॉम्प्युटरने ग्रेन आणि लालसर चमक टाकतो आणि मला विचारतो, "आजोबा, आता जुन्या फिल्मसारखं दिसतं का?" मला दिसत नाही, पण का दिसत नाही ते सांगता येत नाही.

उत्तर: काका, नमस्कार. तुमच्या डोळ्याने जे हजारो तास बघितलंय ते खरं मोजमाप आहे, नातवाला म्हणावं प्लगिनपेक्षा आजोबांवर विश्वास ठेव.

तुम्ही पडद्यावर जे बघायचात ती प्रिंट असायची. निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्युप निगेटिव्ह (या दोन्ही मधल्या प्रती), त्यावरून प्रिंट, आणि प्रत्येक पायरीला थोडी थोडी धार कमी व्हायची. शिवाय प्रोजेक्टरच्या गेटमधून फिल्म जाताना फ्रेम केसभर हलायची. म्हणजे जो मऊपणा तुम्हाला आठवतो तो मुळात फोकसच्या चुकीचा नव्हता, तो त्या प्रवासाचा होता. नातू त्याच्या ४के इमेजवर सगळी धार तशीच ठेवून वरून ग्रेन टाकतोय, म्हणून ते काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं. फिल्ममध्ये ग्रेन चित्रावर बसलेला नसतो, चित्र त्याचंच बनलेलं असतं. त्याने आधी इमेज किंचित मऊ करावी, अगदी थोडी, मग ग्रेन टाकावा, आणि तोही मधल्या टोनमध्ये जास्त, गडद काळ्यात आणि एकदम पांढऱ्यात कमी. ग्रेन शेवटच्या साइझवर टाकायचा, आधी टाकून नंतर इमेज लहान-मोठी केली की तो बिघडतो. मोबाइलवर किंवा ऑनलाइन दाखवायचं असेल तर कॉम्प्रेशन बारीक ग्रेन खाऊन टाकतं आणि चौकोन उमटतात, तिथे कमीच बरा.

त्या लालसर चमकेचंही तसंच. तिला हॅलेशन म्हणतात, तीव्र उजेड इमल्शनच्या थरांमधून आरपार जाऊन मागच्या बेसवरून परततो आणि लाल रंग टिपणाऱ्या थराला पुन्हा लागतो, म्हणून दिव्याभोवती लाल-केशरी कड येते. पण सिनेमाच्या निगेटिव्हला मागून काळा रेमजेटचा थर द्यायचे तो हेच अडवायला. म्हणजे चांगल्या फिल्ममध्ये ते जेमतेम दिसायचं, उघडा बल्ब, समई, गाडीचा हेडलाइट एवढ्यापुरतं. नातू ते आकाशाच्या कडेला, पांढऱ्या सदऱ्याच्या कडेलाही आणत असेल तर तुम्हाला खोटं वाटणारच.

अजून एक सांगा त्याला. ३५ मिमीचा १००० फुटांचा रोल २४ फ्रेमला साधारण ११ मिनिटंच चालायचा. पैसे धावताना ऐकू यायचे, म्हणून ट्रॉली कुठे थांबणार, नट कुठे वळणार, दिवा कुठे असणार हे रोल फिरायच्या आधी ठरलेलं असायचं. तो ठामपणा फ्रेममध्ये दिसतो. त्याने एक दिवस कार्डवर फक्त ११ मिनिटं शूट करायची असं ठरवून बघावं. आणि लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात स्क्रीनिंग असेल तेव्हा दोघं मिळून जा, १९६४ पासून ही संस्था आपल्या गावात आहे. बाजूला बसून तुम्ही त्याला हळू आवाजात दाखवत राहा, कुठे बघायचं ते.

प्रश्न: जुन्या बाजारात हेलिऑस ४४-२ ही जुनी लेन्स मिळतेय. घेऊ का? की ब्लॅक प्रो-मिस्ट (इमेज किंचित मऊ करणारा फिल्टर) घेऊ?

उत्तर: रविवारी सकाळी जाताय तर टॉर्च घेऊन जा. लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरवर ठेवून मागून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस, म्हणजे बुरशी, पावसाळ्यात पुण्यातही कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती लागते. तशी असेल तर स्वस्त मिळाली तरी सोडा. साफ असेल तर ५८ मिमी f/२ ची ही लेन्स चेहऱ्यांसाठी छान आहे, काँट्रास्ट मुळात कमी, कडा मऊ, एम४२ माउंटचा (लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या जुन्या आट्यांचा) साधा अ‍ॅडॉप्टर लावला की झालं. पण अख्खी फिल्म एका लेन्सवर होत नाही, आणि २८ मिमी आधुनिक लेन्सचा शॉट तिच्या शेजारी लावला की दोन फिल्म वाटतात. तेव्हा पूर्ण सेट जुन्या मॅन्युअल लेन्सचा जमवा, नाहीतर सगळ्या नव्या लेन्सवर १/८ जोराचा प्रो-मिस्ट ठेवा. १/४ च्या पुढे जाऊ नका, आणि लांब फोकल लेंथला त्याचा परिणाम जास्त दिसतो हे लक्षात ठेवा.

प्रश्न: आमची फिल्म लॅपटॉपवर सुंदर दिसते. फेस्टिव्हलला पाठवायची तर डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) लागते म्हणे. त्यात लुक बदलतो का?

उत्तर: बदलू शकतो, माझ्या बाबतीत झालंय. एका फेस्टिव्हलला माझ्या शॉर्टफिल्मचे सगळे काळे भाग करडे दिसले, रात्रीचे सीन धुरकटले, आणि हॉलमध्ये बसून करण्यासारखं काही नव्हतं. एक्सपोर्ट व्हिडिओ रेंजमध्ये (काळ्या-पांढऱ्याच्या आखडलेल्या मर्यादेत) होता आणि डीसीपी बनवताना तो फुल रेंज धरला गेला, एवढंच कारण, पण दोन वर्षांचं काम तसं दिसलं.

डीसीपीओमॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्यात रेंज आणि कलर दोन्ही नीट तपासा. साइझ फ्लॅटला (कमी रुंद फ्रेम) १९९८×१०८०, स्कोपला (जास्त रुंद फ्रेम) २०४८×८५८, २४ एफपीएस. आणि ग्रेड करताना खोलीत पूर्ण अंधार करा, कारण थिएटरचा पडदा ४८ निट्सचा (निट हे उजळपणाचं माप) असतो आणि तुमचा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट उजळ, तिथे जी सावली वाचता येते ती पडद्यावर बुडते. मग एखाद्या थिएटरवाल्याशी बोलून सकाळच्या शोच्या आधी अर्धा तास मागून घ्या, बरेच जण देतात. पूर्ण फिल्म लावू नका, रात्रीचे दोन सीन, दुपारचा एक, आणि सगळ्यात सावळ्या चेहऱ्याचा एक क्लोजअप एवढंच लावा. मधल्या रांगेत बसा, वही घेऊन, आणि शक्य असेल तर डीओपीबरोबर कपडे बघणाऱ्या मुलीलाही घेऊन जा.